तो शंख रिकामा नसतो

"ताई, आठवण म्हणून एक शंख घरी आणू दिलात तर काय बिघडतं? समुद्रात ढिगाने असतात!" वांद्र्याला कार्टर रोडच्या खडकांवर पहिली-दुसरीच्या मुलांना नेऊन आणलं की कुणाचे तरी आई-बाबा हमखास हे विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

पूर्वी मी आणू देत असे. एका मुलाने आणलेला सुंदर शंख डब्यात घालून ठेवला, आणि दोन दिवसांनी डब्याला कुबट वास यायला लागला. आत हर्मिट क्रॅब, म्हणजे शंखात राहणारा खेकडा, होता. मीच "हो, ने" म्हटलं होतं. ते मी विसरलेले नाही.

या खेकड्याची पुढची बाजू टणक असते, पण पोट मऊ, फिकं आणि पीळ दिलेलं, अंगावर कवच नसलेलं. शंख तो स्वतः बनवत नाही, मेलेल्या गोगलगायीचा घेतो. वाढला की मोठा शोधतो. धोका वाटला की पार आत जाऊन नांगीने दार लावून घेतो, म्हणून आपल्याला शंख रिकामा वाटतो. तळहातावर ठेवून हलू न देता मिनिटभर थांबलं, की आधी दोन मिश्या येतात, मग देठावरचे डोळे, मग पाय. एरवी क्षणभर गप्प न बसणारी मुलं तेव्हा श्वास रोखून बसतात.

आणि खरोखर रिकामा असला तरी तो कुणाच्या तरी कामाचाच असतो. काही छोटे मासे तर असल्या शंखात अंडीही घालतात.

जायची वेळ मी तिथीवरून ठरवते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोळीवाड्यातला जुना हिशोब. तृतीयेला भरती सव्वादोनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी त्याच्या सहाएक तास आधी, सकाळी सव्वाआठच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्या नुकतीच झालेली असल्याने पाणी खूप आत गेलेलं असतं, ऊनही कोवळं असतं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी, आणि पाणीही फारसं हटत नाही. लहान मुलांना तेव्हा नेऊ नये. उचललेला दगड जसा होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा, एवढी मात्र माझी सक्ती असते.

मागच्या वेळी एका मुलीने खिशातला शंख काढून डबक्यात ठेवला. नाराजीनेच. आम्ही बघत बसलो. थोड्या वेळाने टवका उडालेल्या शंखातला एक खेकडा आला. त्याने नवा शंख पायांनी उलटापालटा केला, शंखाच्या तोंडात नांगी घालून तो चाचपला, आणि पातं लवेपर्यंत एकातून दुसऱ्यात गेला. गुलाबीसर पोट आम्हाला जेमतेम दिसलं.

त्याचा जुना शंख तिथेच पडला होता. "आता हा कोणाचा?" तिने विचारलं.

"बघू," मी म्हटलं. पाणी चढायला अजून वीस मिनिटं होती.