तुम्ही विचारलंत म्हणून: बिअरच्या चिकनशेजारची दुसरी शेगडी

उन्हाळा सुरू झाला की अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या आमच्या मराठी मंडळींत एकच प्रश्न मला फिरून फिरून विचारला जातो: शिजवताना बिअर तर उडूनच जाते, मग एक बिअरच्या सॉसच्या चिकनसाठी आणि दुसरी बिनबिअरच्या चिकनसाठी अशा दोन-दोन शेगड्या पेटवायच्या, ट्रेपुढे ‘यात बिअर आहे’ अशी पाटी लावायची, हा खटाटोप कशासाठी? आजवर मी हसून वेळ मारून नेली. या वेळी नीट लिहून उत्तर देते आहे, कारण निखाऱ्यांसमोर उभे राहून दोन वाक्यांपलीकडे काही सांगू लागले की समोरचा ताट घेऊन पुढे सरकलेला असतो.

बिअर सगळी उडून जात नाही. एके काळी मीही ती उडते असेच सांगत असे आणि तेव्हाचा माझा युक्तिवाद मला आजही पाठ आहे: अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी १०० ला, म्हणजे पाण्याच्या आधी ते जाणारच. ऐकायला हे बिनतोड वाटते. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांत मिसळलेली असतात, वाफेतून दोन्ही बरोबरच बाहेर पडतात, आणि अल्कोहोल जसजसे कमी होत जाते तसतसे उरलेले अधिकच सावकाश जाते. अमेरिकेत १९९२ साली निरनिराळे पदार्थ प्रत्यक्ष शिजवून याची मोजदाद झाली आणि पुढे इथल्या कृषी खात्याच्या तक्त्यांत त्याचे आकडे आले. रश्शात मिसळून १५ मिनिटे मंद आचेवर ठेवले तर सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरते, अर्ध्या तासाने ३५, तासाभराने २५, आणि अडीच तासांनंतरही ५ टक्के. काडी लावून ज्वाळा काढली की सगळे जळून जाते असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी सांगते, त्या प्रकारात ७५ टक्के मागे राहते.

आता दुसरी बाजूही मीच मांडते, म्हणजे मी उगाच बाऊ करते असे कुणी म्हणायला नको. ३५५ मिलिलिटरच्या, ५ टक्के अल्कोहोलच्या एका कॅनमध्ये साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल असते. त्या तक्त्याच्या हिशेबाने अर्ध्या तासाच्या आटवणीनंतर त्यातले ५ ग्रॅम उरले आणि ते दहा जणांत वाटले गेले, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा ग्रॅम येतो. एवढ्याने कुणालाही चढत नाही. पण खाणाऱ्याला चढेल का, असे मला कधी वाटलेच नव्हते. आपल्या ताटात काय आहे हे ज्याचे त्याला कळायला हवे, आणि थोडे म्हणजे किती हे त्याच्या वतीने मी ठरवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

मग बिअर घालायचीच कशाला, हा पुढचा प्रश्न. ती चिकन मऊ करते म्हणून मी घालत नाही. मऊपणा येतो तो आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये उघड्या ठेवलेल्या तंगड्यांना, आणि निखारे एका बाजूला सारून मांस दुसऱ्या बाजूला, झाकणाखाली, सावकाश होऊ देण्याला. बिअर मला हवी असते ती तिच्यातल्या भाजक्या माल्टच्या गोडसर चवीसाठी. कांदा, मिरपूड, मोहरी, व्हिनेगर आणि गूळ यांच्याबरोबर ती आटवली की जो दाट सॉस होतो, त्याची चव दुसऱ्या कशाने येत नाही, आणि ती मी सोडायला तयार नाही. बिअर मात्र तपकिरी, कमी कडू अशी घ्यावी. आयपीए, म्हणजे हॉप्स नावाच्या फुलांनी कडू केलेली बिअर, आटवली तर पाणी जाते आणि हॉप्सचा कडूपणा तेवढा मागे उरतो. सॉस शेवटच्या दहा मिनिटांतच ब्रशने लावावा, कारण गूळ जळायला वेळ लागत नाही. मांसाचे तापमान ७४ अंश सेल्सिअसला पोहोचले की ते खायला सुरक्षित असते, पण तंगडी मी ८० पर्यंत जाऊ देते. तेव्हाच हाडाजवळचा चिवटपणा सुटतो.

बिअरच्या कॅनवर उभी करून भाजलेल्या कोंबडीबद्दलही विचारता, म्हणून थोडक्यात लिहिते. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या बार्बेक्यू स्पर्धांमधून ही पद्धत घराघरांत पोहोचली. दिसायला ती झोकदार असते, पण कॅनमधली बिअर गार मांसाच्या पोटात दडलेली असल्यामुळे कोंबडी भाजून तयार होते तोवर ती धड उकळतही नाही आणि कॅन जवळजवळ जसाच्या तसा भरलेला राहतो. कातडी सगळीकडून छान भाजली जाते ती कोंबडी उभी असल्यामुळे. शिवाय कॅनवरचा रंग आणि आतले अस्तर स्वयंपाकासाठी केलेले नसते. ज्या कोंबडीकडे पाहून न पिणारे लोक बिचकतात तिच्यात बिअर नावालाच असते आणि माझ्या निरुपद्रवी दिसणाऱ्या सॉसमध्ये ती खरोखर असते. म्हणून पाटी माझ्याच ट्रेपुढे हवी.

आता त्या दुपारविषयी. ज्यांनी ती पाहिली त्यांतले काही जण हे वाचतील, आणि मला सर्वांत जास्त हा प्रश्न त्यांनीच विचारला आहे, म्हणून लिहिते.

काही वर्षांपूर्वी गटारीच्या सुमारास, श्रावण लागायच्या आधीच्या रविवारी, आम्ही मिशिगन सरोवराकाठच्या एका बागेत जमलो होतो. मी शेवटचा सॉस लावून तंगड्या ट्रेमध्ये काढत होते आणि रांग लागली होती. आमच्यातलाच एक जण, जो बऱ्याच महिन्यांनी आला होता, ताट पुढे करून अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘‘वहिनी, यात बिअर आहे का हो?’’ मी उत्तर देण्याआधीच मागून कुणीतरी म्हणाले, ‘‘अरे, ती उडून जाते, खा बिनधास्त.’’ त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, ‘‘घातली आहे, आणि सगळी उडत नाही.’’ तोवर चिमट्यातली तंगडी त्याच्या ताटात पडलेली होती. त्याने ताट तसेच दोन्ही हातांत धरून ठेवले. मागचा म्हणाला, ‘‘तुला कधीपासून चालेनाशी झाली रे? हॉस्टेलवर तर...’’ आणि रांगेतले दोघे-तिघे हसले. तो म्हणाला, औषध चालू आहे. तर कसले औषध, काय झाले, शुगर आहे का, कोणता डॉक्टर, अशी आपल्याकडच्या पद्धतीने आस्थेने चौकशी सुरू झाली. चौकशी करणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात वाईट नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. त्याचे कान लाल झाले होते आणि कागदी ताटाची कड त्याच्या अंगठ्याखाली दुमडत चालली होती. त्याच्या बायकोने येऊन काही न बोलता ते ताट त्याच्या हातातून घेतले आणि टेबलावर ठेवले. मुलांचे खाणे होईपर्यंत तो गाडीत जाऊन बसला.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. त्याने त्या वसंतात दारू सोडली होती. ती सोडायला मदत म्हणून डायसल्फिराम नावाची गोळी देतात, ती त्याला चालू होती. ती घेणाऱ्याच्या पोटात थोडेसे अल्कोहोल गेले तरी चेहरा तापतो, छाती धडधडते, उलट्या होतात, आणि म्हणून सॉस, व्हिनेगर, खोकल्याचे औषध यांपासूनही जपायला डॉक्टर बजावून सांगतात. आमच्यात कुणालाच काही माहीत नव्हते. गोळी सुरू झाल्यापासून लोकांत जेवायला येण्याची ती त्याची पहिलीच वेळ होती. ‘‘तुम्ही खरे सांगितलेत म्हणून तो वाचला,’’ ती म्हणाली, ‘‘पण आता तो येणार नाही.’’ आणि ते दोघे पुन्हा आले नाहीत.

मी खोटे बोलायला हवे होते, असे मला कधीही वाटलेले नाही. पण माझे खरे बोलणेही त्याला वाचवू शकले नाही, कारण त्याला चारचौघांत विचारावे लागले, आणि ज्या क्षणी त्याने विचारले त्या क्षणी त्याने लपवलेले अर्धे उघडे पडले. हे मिलवॉकी आहे. इथल्या बेसबॉल संघाचे नावसुद्धा ब्रूअर्स, म्हणजे बिअर बनवणारे, असे आहे. सॉसेज बिअरमध्ये उकळतात, शुक्रवारचे मासे बिअरच्या पिठात तळतात, चीजच्या सुपात बिअर असते. अशा गावात ज्याने सोडली आहे त्याला प्रत्येक जेवणाआधी तोच प्रश्न विचारावा लागतो. निदान माझ्या ट्रेपुढे तो विचारावा लागू नये, म्हणून ती पाटी आहे.

आणि दुसरी शेगडी अशासाठी, की नुसत्या पाटीने काम भागत नाही. बिअरचे चिकन सोडून जो कोपऱ्यातल्या कोरड्या तुकड्यांकडे वळतो त्याच्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. दुसरे चिकन इतके चांगले हवे की पिणारेही त्यावर तुटून पडतील. मग कोण काय घेतो याला काही अर्थच उरत नाही. त्यासाठी मी न्यूयॉर्क राज्यातली एक जुनी कृती धरली आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट बेकर यांनी ती १९५० च्या सुमारास प्रसिद्ध केली होती: तेल, सफरचंदाचे व्हिनेगर, मीठ, मिरपूड, सुक्या पानांचा मसाला आणि एक अंडे, जे तेल आणि व्हिनेगर फाटू देत नाही. त्या गोळीवर असणाऱ्याला मात्र व्हिनेगरही चालत नाही, म्हणून व्हिनेगरऐवजी मी लिंबाचा रस घालते आणि तेही पाटीवर लिहिते. दोन्ही शेगड्यांचे चिमटे आणि ब्रश वेगळे असतात. ते का, हे आता कुणी विचारू नये.

यावर तुमच्यातले काही जण म्हणतात की मग बिअर सोडूनच द्या, म्हणजे प्रश्नच मिटला. कधी कधी मलाही तसे वाटते, विशेषतः दुसऱ्या शेगडीचा ट्रे आधी रिकामा होतो तेव्हा. आणि मग सॉसचा वास येतो आणि वाटते, आवडीची गोष्ट लपवून ठेवण्यापेक्षा ती उघड मांडणे बरे. यांतले कोणते खरे, हे माझे अजून ठरलेले नाही. बिअरमध्ये मुरवलेल्या मांसावर निखाऱ्याच्या धुरातली घातक द्रव्ये कमी धरतात असा २०१४ चा एक पोर्तुगीज अभ्यास मला वरचेवर पाठवला जातो. तो डुकराच्या मांसावर झालेला होता, त्यात काळ्या बिअरने ती द्रव्ये निम्म्याहून अधिक घटली आणि बिनअल्कोहोलच्या बिअरनेही काही प्रमाणात घटली. माझ्या बाजूने पुरावा म्हणून मी तो वापरणार नाही.

बिनअल्कोहोलची बिअर वापरा, हीही सूचना येते. इथे ‘नॉन-अल्कोहोलिक’ लिहिलेल्या बिअरमध्ये कायद्याने अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल चालते. ती वापरली तरी पाटी लागेलच.

पाटीने उलट लक्ष वेधले जाते, असे त्या फोननंतर मला एका मैत्रिणीने सुनावले होते, आणि तिला देण्यासारखे चोख उत्तर माझ्याकडे नाही. तरी येत्या गटारीला दोन्ही शेगड्या पेटतील. ज्यांच्याकडे कोळशाची जबाबदारी आहे त्यांनी दोन मोठ्या पिशव्या आणाव्यात, आणि रांगेत कुणी कोणत्या ट्रेपुढे थांबला यावर शेरा मारू नये.