धान्याच्या कोठीमागून

'अमंग द स्लीप' हा जेमतेम तीन-चार तासांचा गेम. मला तो संपवायला दीड महिना लागला.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. गहू-हरभऱ्याच्या दिवसांत वावरातली लाइन रात्रीची होती. बाबा आणि मी आळीपाळीनं ओलिताला जायचो. बाबांची पाळी असली की मी घरी लॅपटॉप उघडायचो. लॅपटॉप जुना. मोबाइलच्या नेटवर गेम उतरवायलाच दोन रात्री गेल्या, आणि ग्राफिक्स अगदी खालच्या सेटिंगवर आणले तेव्हा कुठं तो चालला.

नॉर्वेच्या क्रिलबाइट नावाच्या छोट्या स्टुडिओनं २०१४ साली काढलेला हा गेम. यात आपण दोन वर्षांचं लेकरू असतो. वाढदिवस असतो, आई केक भरवते, दारावर कोणीतरी येतं, बाहेर आवाज चढतात. रात्री जाग येते तर आई जागेवर नाही. सोबतीला फक्त बोलणारा टेडी. त्याला छातीशी धरलं की थोडासा उजेड पडतो. हातात हत्यार नाही. दाराची कडी उंच, म्हणून खुर्ची ओढत न्यायची आणि तिच्यावर चढायचं. पळायला गेलं की चार पावलांत धडपडून पडायला होतं. खाली पाहिलं की आपलेच इवलेसे पाय दिसतात. मी इतके भुताचे गेम खेळलो, पण टेबलाची खालची बाजू इतक्या जवळून कोणत्याच गेमनं दाखवली नव्हती.

सुरुवातीचे भाग पार झाले. शेवटाकडं मात्र एक अंधारं घर लागतं आणि त्या घरात जमिनीवर बाटल्या पडलेल्या असतात. बाटलीला धक्का लागला, आवाज झाला, की लांब कोटवालं ते काहीतरी आपल्याकडं चालत येतं. तिसऱ्यांदा पकडलो तेव्हा मी लॅपटॉप बंद केला आणि पुढचे बारा दिवस उघडलाच नाही.

कारण ते घर मला ठाऊक होतं. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. माझा जन्म त्यानंतर पंचवीस वर्षांनी झाला, तरी मोहाची दारू आमच्या दारापर्यंत यायचीच. बाबा रात्री सायकलवर यायचे. स्टँड एका झटक्यात लागला तर सगळं ठीक. दोन-तीनदा खरखरला, की मी अंथरुणातून उठून धान्याच्या कोठीमागं जाऊन बसायचो. तिथून मला फक्त पाय दिसायचे. बाबांचे मागं-पुढं होणारे, आणि मायचे एका जागी थांबलेले. बाबांनी दारू सोडून आता अकरा वर्षं झाली. त्यांच्यावर माझा राग नाही. पण ते पाय मी विसरलो नव्हतो, हे मला गेम खेळताना कळलं.

बारा दिवसांनी परत बसलो. या वेळी पळणं सोडूनच दिलं. हेडफोन लावले, कारण पावलं कुठून येताहेत हे डोळ्यांआधी कानांना कळतं. रांगत जायचं, बाटली दिसली की वळसा घालायचा, पडदा धूसर होऊन थरथरायला लागला की टेबलाखाली शिरायचं आणि हलायचं नाही. पावलं दूर गेली तरी मनात वीस मोजायचे. कोठीमागंही मी असंच मोजायचो. दुसऱ्या रात्री ते घर पार झालं.

शेवटचा भाग खेळलो तेव्हा मायला झोप येत नव्हती. ती माझ्यामागं खाटेवर येऊन बसली. मी हेडफोन काढून ठेवले.

"कोणाचं लेकरू होय हे?"

"कोणाचंच नाही, माय. गेम आहे."

पडद्यावर स्वयंपाकघर आलं. जमिनीवर आई बसलेली, रडत, जवळ बाटली. लेकरू तुटलेला टेडी घेऊन तिच्याकडं जातं आणि ती त्याला ढकलून देते. इतका वेळ ज्याला भ्यालो, ते कोण होतं हे इथं कळतं. जिला शोधत होतो, तीच. माझा हात माउसवर तसाच राहिला.

माय बराच वेळ पडद्याकडं पाहत होती. मग हळूच म्हणाली, "तू जागाच रायत होता का रे तवा?"

"हो."

"मले वाटे, झोपला म्हणून."

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तो तिथंच राहू दिला. पडद्यावर दार वाजलं, उजेड आला, नावं सुरू झाली.

तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. आम्ही दोघंही गप्प झालो. स्टँड एका झटक्यात लागला.

"लाइन गेली बाप्पा," बाहेरून बाबांचा आवाज आला. "दोन सऱ्या रायल्याच. चहा ठेवतं का वं?"

माय उठली आणि तिनं दार उघडलं.