स्टेम सेल ट्रान्सप्लांटनंतर रक्ताचे काउंट आले, पण इम्युनिटी कधी येते? माझा अनुभव

मला एएमएल म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर झाला होता, केमो संपल्यावर डॉक्टर म्हणाले ट्रान्सप्लांट लागेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल) दुसऱ्याकडून घ्याव्या लागतील. सख्ख्या भावंडाशी एचएलए (पेशींवरची ओळखखूण, ती जुळावी लागते) पूर्ण जुळायचा चान्स 25 टक्केच असतो पण धाकट्या भावाचा जुळला. त्याला चार-पाच दिवस जीसीएसएफची (स्टेम सेल रक्तात उतरवणारी) इंजेक्शनं दिली, कंबर जाम ठणकली त्याची, मग मशीनवर रक्तातनं स्टेम सेल काढून घेतल्या. मला मोठं ऑपरेशन वाटलेलं, तर छे, रक्त चढवतात तशी पिशवी लावली बस, आणि त्या पेशी आपल्या आपण हाडांतल्या मॅरोत (मगजात) जाऊन बसतात!

मग तोंड सोलवटलेलं, पाणी गिळवत नाही आणि रोज सकाळी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची टेस्ट. सलग तीन दिवस न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500 च्या वर राहिले की सेल रुजल्या असं धरतात. माझे राहिले तेव्हा आई वॉर्डात पेढे घेऊन निघालेली, तिला दारातच अडवलं.

सगळ्यांना वाटलं झालं आता. पण स्टेम सेलपासून सगळ्याच इम्यून सेल एका वेगाने होत नाहीत ना. न्यूट्रोफिल मॅरोतच तयार होऊन बाहेर पडतात, एनके सेलही (विषाणू लागलेल्या पेशी मारणाऱ्या) लवकर येतात, बी सेलना (अँटिबॉडी बनवणाऱ्या) महिनोन्महिने लागतात. टी सेलची तर तऱ्हाच वेगळी, त्यांच्या मूळ पेशी मॅरोतून निघून छातीत हृदयाच्या वर थायमस ग्रंथी असते तिथे जातात, तिथे परीक्षा होते आणि बहुतेक सगळ्या नापास होऊन मरतात, बऱ्याचशा कामाच्याच निघत नाहीत म्हणून, आणि ज्या आपल्याच शरीरावर उलटतील त्या बाहेर सोडून चालत नाही म्हणून. (1961 मध्ये जॅक मिलरनी उंदरांवर दाखवेपर्यंत ही ग्रंथी बिनकामाची समजायचे!) आणि वयाबरोबर ती आटते, माझ्यासारख्या चाळिशीतल्या बाईत बरीचशी चरबीच उरलेली असते, त्यामुळे सीडी4 (टी सेलचाच एक महत्त्वाचा प्रकार) वर यायला वर्ष लागतं, कधी जास्तच.

हे नातेवाईकांना पटवणं केमोपेक्षा अवघड. गणपतीत मी आतल्या खोलीत मास्क लावून, आणि बाहेर चर्चा, रिपोर्ट नॉर्मल आहे ना मग एवढं काय. अहो सीबीसीत लिम्फोसाइटचा (टी, बी, एनके सगळ्या मिळून) आकडा दिसतो, त्यात टी किती बी किती ते नाही दिसत, त्याची टेस्ट वेगळी असते.

लहानपणीच्या लसींचा असरही जवळपास जातो. म्हणून आता सगळ्या पहिल्यापासून चालू केल्यात, फक्त गोवर-गालगुंडाची जिवंत लस (कमजोर केलेल्या जिवंत विषाणूंची) असते म्हणून ती दोन वर्षांनंतर, तीही तोवर इम्युनिटी दाबायच्या गोळ्या बंद झाल्या असतील तरच.