आमची वाटचाल : गुजरीतल्या दागिन्यांपासून शंखशिंपल्यांपर्यंत

कोल्हापूर आणि समुद्र यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे, त्यामुळे इथला एक छोटा स्टुडिओ शंखशिंपल्यांच्या छायाचित्रांसाठी ओळखला जातो याचे अनेकांना नवल वाटते. तसे या गावाचे समुद्राशी नाते जुने आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे आणि बाहेरगावच्या ग्राहकांना आम्ही ती आवर्जून पाहायला सांगतो.

आमची सुरुवात गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, पेढ्यांच्या कामाने झाली. कोल्हापुरी साज, ठुशी, हुपरीची चांदीची भांडी यांची कॅटलॉगसाठी छायाचित्रे काढणे हा आमचा मूळ धंदा, आणि घरखर्च आजही त्यावरच चालतो. चकचकीत गोलाईवर खोलीतली प्रत्येक वस्तू, कॅमेऱ्यासह स्वतः छायाचित्रकारही उमटतो. तो उमटू नये म्हणून दागिन्याभोवती पांढऱ्या कापडाचा तंबू करून प्रकाश गाळून घ्यावा लागतो. हीच सवय पुढे कवडीला उपयोगी पडली. देवीच्या आराध्यांच्या गळ्यात असते तशी कवड्यांची माळ एका ग्राहकाने चित्रासाठी आणली, तेव्हा प्रत्येक कवडीवर आमच्याच दिव्यांचे पांढरे ठिपके दिसू लागले आणि कवडी इतकी तुळतुळीत का असते, हा प्रश्न आम्हाला पहिल्यांदा पडला. जिवंतपणी त्या प्राण्याचे मांसल आवरण कवचावर बाहेरून पसरलेले असते, ते कवचाला सतत नवा लेप देते आणि खरचटण्यापासूनही वाचवते. म्हणून कवडीला वेगळी पॉलिश लागत नाही. त्या चित्रासोबत ही माहिती चार ओळींत लिहून दिली, आणि चित्राबरोबर त्याची गोष्ट देण्याची आमची पद्धत तिथून रुळली.

मात्र शंखाने आम्हाला खरी शिस्त लावली. एका दिनदर्शिकेसाठी आम्ही पूजेतल्या साध्या शंखाचे चित्र दिले होते. मजकूर उजवीकडे बसावा म्हणून मांडणी करणाऱ्याने ते आरशातल्यासारखे उलटवले आणि छापून आला तो चक्क उलट्या पिळाचा, दुर्मीळ दक्षिणावर्ती शंख! माणसाचा चेहरा उलटला तर फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. शंख उलटला की तो वेगळाच जिन्नस होतो. हा घोटाळा थोरामोठ्यांनाही चुकलेला नाही. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६५० मध्ये कोन जातीच्या शंखाचे एचिंग, म्हणजे पत्र्यावर कोरून छापायचे चित्र, केले, त्यात पत्र्यावरची आकृती छापताना उलटते हे ध्यानात घेऊन सही बरोबर उमटेल अशी कोरली, पण शंखाचा पीळ मात्र उलटाच छापला गेला.

दक्षिणावर्ती शंखाविषयी विचारणा फार होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. प्राणिशास्त्रात शंख मळसूत्री टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरतात; तोंड उजव्या हाताला आले तर तो उजवा. पूजेत तोच शंख नळीचे टोक वर करून धरतात, त्यामुळे बाजू बदलते आणि शास्त्रातला डावा शंख आपल्याकडे दक्षिणावर्ती ठरतो. आपल्या पूजेतल्या टर्बिनेला पायरम या जातीत तो अत्यंत दुर्मीळ आहे. बाजारात त्या नावाने पुष्कळदा खपवला जातो तो अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा बसिकॉन गटातला शंख, जो जन्मतःच तसा वळलेला असतो. तोंडाच्या आतल्या बाजूला, मधल्या खांबावर ठळक आडव्या वळ्या दिसल्या तर तो आपला शंख. बसिकॉनमध्ये त्या नसतात. म्हणून तोंडाच्या आत तिरका प्रकाश सोडून काढलेले एक जादा चित्र आम्ही प्रत्येक शंखासोबत देतो. काही विक्रेत्यांना ते नको असते; त्यांचे काम आम्ही घेत नाही.

शंख विकत घेऊन चित्रे काढणे आम्ही कटाक्षाने टाळले. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या संरक्षित प्राण्यांच्या यादीत २००१ मध्ये नॉटिलस, कॅसिस कॉर्नुटा, ट्रायटन अशा कवचधारी प्राण्यांचा समावेश झाला, तरी पर्यटनस्थळांच्या दुकानांत असे नमुने अजूनही मांडलेले दिसतात. आम्ही महाविद्यालयांचे जुने संग्रह हाताळतो, नाहीतर गगनबावड्याचा घाट उतरून मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर जातो आणि पडलेल्या शिंपल्यांची जागच्या जागी चित्रे घेतो. रिकामा वाटणारा शंख पुष्कळदा रिकामा नसतो, आत संन्यासी खेकडा बिऱ्हाड करून असतो. त्याला पिशवीत घालून घाटावर आणण्यात काय पुरुषार्थ?

आमच्या ग्राहकांना सर्वांत जास्त आवडते ते चित्र एका साध्या, फिकट तिसरीचे, म्हणजे दोन झाकणांच्या छोट्या शिंपल्याचे आहे. तिच्या सांध्याजवळ सुबक गोल भोक आहे, बाहेर रुंद आणि आत निमुळते, जणू सोनाराने सामत्याने पाडलेले. ते चंद्रगोगलगाय या समुद्री गोगलगाईचे काम: दातेरी जीभ आणि आम्लयुक्त स्राव आलटून पालटून वापरत ती कवच पोखरते आणि आतला जीव खाते. एवढीशी तिसरी जवळून टिपताना भोकाची कड स्पष्ट आली की मागची वाढीची वलये पुसट होतात, म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत अनेक चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र करावी लागतात. कवचावर तेल किंवा वार्निश लावून रंग उठवण्याची आग्रही मागणी येते, ती आम्ही मान्य करत नाही. ओला शिंपला हवा असेल तर तो भरतीच्या पाण्यातच टिपलेला बरा.

सध्या एका महाविद्यालयाच्या जुन्या संग्रहाचे काम सुरू आहे. प्रत्येक चित्राच्या कार्डावर जातीचे नाव, मोजपट्टी, सापडल्याचे ठिकाण आणि महिना अशा नोंदी आम्ही छापतो. बऱ्याच डब्यांतल्या चिठ्ठ्या कसरीने खाल्ल्या आहेत. तिथे ठिकाणाची ओळ अंदाजाने न भरता कोरीच ठेवायची, असे प्राध्यापकांशी बोलून ठरले आहे.