कॅमेऱ्याची चाकांची पेटी: मापं, फोम आणि धूळ

सोलापूर, डिसेंबर

गड्ड्याच्या यात्रेआधी (सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा) पेटी तयार हवी. आज वर्तमानपत्र अंथरून सगळं सामान मांडलं: कॅमेऱ्याच्या दोन बॉडी, 70-200 आणि 24-70 मिमीच्या लेन्स, फ्लॅश, चार्जर. पेटीचं माप इथूनच काढायचं. आधी पेटी केली की हमखास फोमला जागा उरत नाही. दोन वस्तूंत 20 मिमी, भिंतीलगत 25, तळाला 40 मिमी फोम धरला, तर आतलं माप 56 × 36 × 20 सेंमी येतं.

प्लाय 9 मिमीचाच. या मापात लाकडाचं वजन पाच किलोच्या आसपास जातं, 12 मिमी घेतला तर पावणेसात. 6 मिमी हलका खरा, पण चाकांचे बोल्ट त्यात टिकत नाहीत. कडांना ॲल्युमिनियमची पट्टी, 4 मिमीचे पॉप रिव्हेट, लांबी 16 मिमी. आतून वॉशर घालायचाच. तो नसला की रिव्हेट प्लायमध्ये रुततो आणि महिन्या-दोन महिन्यांत कोपरा खुळखुळायला लागतो.

चाकांना मात्र रिव्हेट नको. एम6 चे (6 मिमी जाडीचे) बोल्ट आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, धक्क्यांनी न सुटणारा नट. बोल्टचं गोल डोकं आतल्या बाजूला, त्यावर फोम. चाकं 100 मिमीची, पीयूची (पॉलियुरेथेनची), दोनच आणि न फिरणारी. सूटकेसची बारकी चाकं प्लॅटफॉर्मच्या फरशीच्या फटीत अडकतात. जड लेन्स चाकांच्या बाजूला ठेवायची. वजन हँडलकडे गेलं की ओढताना मनगट भरून येतं आणि उभी ठेवलेली पेटी कलंडते.

लेन्स बॉडीला लावून पॅक करणं मला मुळीच पटत नाही. प्रत्येक धक्क्याला जड लेन्सचा सगळा ताण माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला जोडते त्या कड्यावर येतो. फोममध्ये दोन खाचे जास्त लागले तरी चालतील.

फोम क्रॉसलिंक पॉलिथिनचा. सोफ्याचा स्पंज स्वस्त मिळतो, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो पिवळा पडून भुगा होतो, आणि तो भुगा थेट सेन्सरवर. आतून टॉवेलचं कापडही नको. सोलापूरचा टॉवेल कितीही चांगला असला तरी त्याचे तंतू सुटतात. खाचा वस्तूपेक्षा 3 मिमी लहान कापायचा, म्हणजे पकड राहते. कटरचं पातं नवं, आणि एका दमात न कापता तीन-चार फेऱ्यांत. जोर लावला की पातं आत वाकतं आणि खाचा खाली रुंद होतो.

नान्नजच्या माळावर (माळढोक अभयारण्यात) चाकांचा उपयोग शून्य. तिथे पेटी उचलूनच न्यावी लागते, म्हणून दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या मुठी हव्यात. काळ्या मातीची धूळ झाकणाच्या फटीतून शिरते, तेव्हा पट्टीच्या खाचेत स्पंज रबराचा दोर बसवायचा. त्याचा सांधा बिजागरीच्या बाजूला यावा. तिथे दाब सारखा बसतो, कुलुपाकडे कमी-जास्त होतो. बाहेरून सनमायका फिकट रंगाचा. काळी पेटी उन्हात लगेच तापते.

फोम चिकटवायला रबरी सोल्यूशन. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर द्यायचा, बोटाला चिकटेनासा झाला की दाबायचा. ओला असतानाच चिकटवला तर द्रावक आत अडकून राहतो आणि पकड नीट बसत नाही. नंतर झाकण उघडं ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत लेन्स आत ठेवायची नाही, वाफ काचेवर बसते. सिलिका जेलच्या पुड्यांसाठी एक खाचा मोकळा सोडला आहे. बॅटऱ्यांना मुद्दाम जागा दिली नाही. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, त्यांची वेगळी पिशवी, टोकांना टेप लावून.