खिडकीचं ग्रिल

बाबा डोंबिवलीला एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात पाळीवर होते. ते आंघोळीला बसले की मोरीतून पिवळं पाणी वाहायचं, आणि बनियन कितीही उकळला तरी काखेत केशरीच राहायचा. आम्ही राहायचो एमआयडीसीनंच आखलेल्या निवासी भागात. रात्री अकरानंतर वास सुटायचा, कधी कुजक्या अंड्यांचा, कधी नेलपॉलिशचा. आई काही न बोलता उठून खिडक्या लावायची. तक्रार करणार कोणाकडे? वास जिथून यायचा, पगारही तिथूनच यायचा.

मी लग्न होऊन पुण्याला आले आणि माहेर बातम्यांत दिसायला लागलं. २०१४ मध्ये हिरवा पाऊस. २६ मे २०१६ ला एमआयडीसीच्या फेज टूमध्ये स्फोट झाला, बारा माणसं गेली. २०२० मध्ये रस्ताच गुलाबी झाला. २०२२ मध्ये धोकादायक कारखाने रायगडमधल्या पाताळगंगेला हलवायची घोषणा झाली, आणि २३ मे २०२४ ला फेज टूमध्ये पुन्हा स्फोट. दर वेळी टीव्हीवर कोणीतरी तेच म्हणायचं : कारखाने आधी आले हो, घरं नंतर आली. मी पडद्याशी भांडायचे. नंतर आलेल्यांना नाक नसतं का, कान नसतात का?

आता माझी गोष्ट. आमची सोसायटी पुण्याच्या कडेला, २०२१ मध्ये पालिकेत आलेल्या गावांपैकी एकात आहे. कुंपणाला लागून पत्र्याची शेड. गेट, जिने, ग्रिल बनवतात. लॉकडाऊननंतर काम वाढलं. सकाळी सात वाजता कटर लोखंडाला लागला की आमच्या स्वयंपाकघरातल्या वाट्या थरथरायच्या. दुपारी ग्राइंडर, संध्याकाळी कॉम्प्रेसर आणि थिनरचा वास. त्या वासानं मी एकदम नऊ वर्षांची व्हायचे. उठून खिडक्या लावायचे, अगदी आईसारखी. ते लक्षात आलं त्या दिवशी अर्ज लिहायला बसले.

बसले म्हणजे नियम वाचत बसले. चार रात्री गेल्या. मला वाटायचं, राहत्या भागात धंद्याला बंदी असते. तसं नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत राहत्या भागात पिठाची गिरणीसुद्धा चालते, पण ती तळमजल्यावर हवी, मोटर साडेसात किलोवॉटच्या आत हवी आणि शेजाऱ्यांना, वरच्या मजल्यावरच्यांना उपद्रव होता कामा नये. जुन्या नियमावल्यांमध्ये तर लहान उद्योगांचे तक्ते आहेत : मोटर किती अश्वशक्तीची, माणसं किती, जागा किती, काही धंद्यांना सकाळी आठ ते रात्री आठ अशी वेळही. मला हे फार आवडलं. सुतार वाईट, शिंपी चांगला अशी भानगडच नाही. तुमचा धंदा दुसऱ्याच्या घरात किती शिरतो, एवढंच मोजायचं.

मोजायचं म्हणजे आवाजाचे नियम आले, २००० सालचे. राहत्या भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. औद्योगिक भागात ७५ आणि ७०. रात्र दहाला सुरू होते, सहाला संपते, म्हणजे सातचा कटर कायद्याच्या लेखी भर दिवसाचा. आणि खरी मेख पुढे आहे. दिवसाची तक्रार करायची तर आवाज मर्यादेच्या दहा डेसिबल वर गेलेला हवा. ५५ ही मर्यादा, पण ओरडायचं ६५ ला. मधले दहा गुपचूप सोसायचे. (आमच्या मिक्सरचा आकडा मी मुद्दाम घेतला नाही.)

मोबाइलवरच्या ॲपनं ७१ दाखवले. तो पुरावा होत नाही म्हणे. अर्ज तीन टेबलं फिरून "जागेचा झोन दाखला जोडा" असा शेरा घेऊन परत आला, म्हणजे शेडची जागा राहत्या भागात की औद्योगिक, त्याचा कागद. मग मी सरळ शेडमध्ये गेले.

शेडवाले काका साठीचे. डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आधी स्टूल पुसलं. मी ५५, ६५, ७१ असं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, शेड दोन हजार चारची. तुमच्या बिल्डिंगचा पाया खणला ना, तेव्हा पाणी माझ्या बोअरचं होतं. आणि तुमच्या खिडक्यांची ग्रिलं मीच केलीत. तिसऱ्या मजल्यावर तुळशीसाठी बाहेर काढलेलं आहे बघा, तुमचंच ना?"

माझंच होतं. टीव्हीवरच्या ज्या वाक्याशी मी दहा वर्षं भांडत होते, ते आता स्टूल पुसून माझ्यासमोर बसलं होतं.

घरी येऊन बाबांना फोन केला. म्हटलं, काय करू? ते बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "त्याला शेड बंद कर म्हणू नकोस. कटर कुठे ठेवलाय ते विचार."

कटर आमच्या भिंतीला चिकटून होता. काकांच्या डोक्यातही ते कधी आलं नव्हतं; विजेचं मीटर तिकडे म्हणून मशीन तिकडे. पावसाळ्याआधी त्यांनी तो ओढ्याच्या बाजूला नेला, खाली रबर टाकलं. रंगकाम अजून उघड्यावरच चालतं, त्यावर आमचं भांडण सुरू आहे, झोन दाखल्यासाठीही मी अर्ज करून ठेवलाय. सकाळी आठच्या आत मात्र मशीन लागत नाही. मोठं काम असलं की आदल्या रात्री काकांचा मेसेज येतो.

काल आला : "उद्या चॅनेल कापायचंय, दहा ते बारा."

मी लिहिलं, "मुलाची ऑनलाइन परीक्षा आहे, साडेअकराला संपते."

"बरं मग बाराला लावतो. तुळशीचं ग्रिल गंजलंय, खालून दिसतं. रविवारी पोरगा पाठवू का?"