कोसिमोनं केलं काय?

"गाणारा फॅट्स डॉमिनो, बँड डेव्ह बार्थोलोम्यूचा, ड्रमवर अर्ल पामर. मग या कोसिमो मटासानं केलं काय? माइक लावले न् बटणं दाबली!" माझ्या स्टुडिओतला या जुन्या अमेरिकन रेकॉर्डिंग इंजिनिअरचा फोटो पाहून हे इतक्यांनी विचारलंय की एकदाच लिहून टाकतो.

हो, बटणं दाबली. १९४५ पासून, न्यू ऑर्लिन्सच्या रॅम्पार्ट स्ट्रीटवर, घरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. सुरुवातीला टेपसुद्धा नव्हती. सुई थेट तबकडीवर कोरायची. सॅक्सवाला शेवटच्या ओळीत चुकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. मिक्सिंग म्हणजे कुणाला माइकजवळ घ्यायचं, कुणाला दोन पावलं मागे सारायचं. ड्रम पियानोच्या माइकमध्ये शिरायचाच. फॅट्सचं १९४९चं 'द फॅट मॅन' ऐका. पियानो आणि ड्रम एकमेकांच्या अंगावर रेलून चाललेत.

त्या रेलण्याची किंमत मला कळायला एक ढोलकीवाले काका लागले. लावणीचं रेकॉर्डिंग होतं. काकांना क्लिकवर, म्हणजे कानातल्या यंत्राच्या टिकटिकीवर, एकट्यानं वाजवायला लावलं, बाकीचे दुसऱ्या दिवशी. त्यांची थाप केसभर आधी पडायची. रात्री बसून मी एकेक थाप कापली, क्लिकच्या रेषेवर आणून ठेवली. जागा वाचावी म्हणून मूळ टेक पुसलाही. आठवड्यानं काका पैसे घ्यायला आले. अभिमानानं ऐकवलं. त्यांनी मांडीवर दोन बोटं धरली होती, ती थांबली. म्हणाले, "छान आहे. वाजवलंय कुणी?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत.

निर्मात्यालाच तसं हवं होतं, माझा काय दोष, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. खोटं आहे. त्यानं फक्त 'स्वच्छ कर' म्हटलं होतं. कापायची हौस माझी. काका पुन्हा आले नाहीत.

तेव्हाचा मी आजही वाद घालतो: कोसिमोकडे कापायचं साधनच नव्हतं, त्यात कसलं मोठेपण? माझं उत्तर, १९५५ला लिटल रिचर्ड त्याच खोलीत 'टुटी फ्रुटी' गायला तेव्हा टेप आलेली होती, तरी वाजवणारे सगळे एकत्रच बसले. त्यावर तो म्हणतो, खोलीच एक होती, बसणार कुठे?

खरंय तेही. परवा एका पोराची ढोलकी अशीच पुढे पळत होती. हात माउसवर गेलाच होता.